दोन दिसणारा गणपती

पाच वर्षांची मनस्वी आजोबांना म्हणाली, "आबा, तिकडचा गणपती मला दोन दिसतो," तेव्हा खरं तर तिला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. पण हमरापुरात जन्मभर मूर्ती केलेल्या कमळाकरांनी डोळे मिटून हात जोडले. "आमचे पोरीला देव पावला हाय!"

झालं! लांबच्या फळीवरची जी मूर्ती तिला दोन दिसेल ती जागृत, असं ठरलं. लोक वडखळच्या हायवेवरून गाड्या वळवून येऊ लागले. पोर मान वाकडी करून बोट दाखवायची, लोक तिला मांडीवर घ्यायचे, पेढा भरवायचे. तिची आई नम्रता मूर्तींचे डोळे आखायची. केसाएवढी चूक तिच्या नजरेतून सुटत नसे, पण लेकीचा उजवा डोळा नाकाकडे वळलाय हे तिला दिसलं नाही. खोटं कशाला बोला, दिसलं होतं. घरात एवढं कौतुक चाललेलं, म्हणून ती गप्प बसली.

पोरीच्या सकाळच्या उलट्या घरच्यांनी रंगाच्या वासावर ढकलल्या. मग एक दिवस मनस्वी चालता चालता ओल्या मूर्तींवर कोसळली. कमळाकर आधी मूर्तींकडे धावले.

पेणच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि थेट मुंबईला पाठवलं. मेंदूत लिंबाएवढी गाठ निघाली. "एकाचे दोन दिसतात, असं कधी म्हणाली होती का?" तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाय," नम्रता म्हणाली.

गाठ काढली. ती कर्करोगाची नव्हती, पोर वाचली. केस पुन्हा उगवले, डोळा सरळ झाला. पुढच्या हंगामात जुनं गिऱ्हाईक आलं तसं आबांनी हौसेनं विचारलं, "किती दिसतात गो?"

"एकच."

गिऱ्हाईक हिरमुसलं. आबा तोंड फिरवून म्हणाले, "बरी झाली, पण तेज गेलं पोरीचं." त्या दिवसापासून कारखान्यात तिला कुणी विचारेना.

आठवड्याभरानं मनस्वी मान वाकडी करून ओरडली, "आबा, दोन!"

नम्रतानं हातातला ब्रश टाकला. पोरीला उचलून तिनं तशीच मुंबई गाठली. रस्ताभर ती स्वतःला शिव्या घालत होती. पुन्हा सगळ्या तपासण्या झाल्या, गाठीचा मागमूस नव्हता. नम्रता ढसाढसा रडली, मग तिनं लेकीचे दंड धरून तिला गदागदा हलवलं. "खोटं का बोललीस गो?"

मनस्वी घाबरून म्हणाली, "एक दिसतो म्हटलं का मला कोणीच मांडीवर घेत नाय."