पहिल्या पाण्यातले हात

"आता ह्येबी खायचं म्हणं," म्हस्कू पुटपुटला. "जलमभर मेंढरास्नी पाला दावला, म्हातारपणी पाला माज्याच पुढ्यात."

हे तो कुणाला उद्देशून म्हणाला नव्हता. पण म्हाळसा त्याला खेटूनच बसली होती, तिला ऐकू गेलं. पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं पुटपुटणं ऐकायची तिला सवय झाली होती. मोठ्यानं तो बोलतच नसे.

"हळू. पोरगी ऐकंल."

पोरगी म्हणजे सून. रोहिणी अंगणात लिंबाच्या सावलीत डबा उघडत होती. पारदर्शक प्लास्टिकचा चौकोनी डबा, वर इंग्रजी कागद. काल संध्याकाळी आणल्यापासून तो रांजणाच्या बुडाशी गारव्याला ठेवला होता, आणि घरातलं प्रत्येक माणूस पाणी प्यायला म्हणून जाऊन त्याच्याकडे एकदा बघून आलं होतं.

रोहिणी बारामतीच्या एमआयडीसीत एका थंड गोडाऊनमध्ये कामाला होती. लागून आता तीन वर्षं झाली होती. तिथं पालेभाज्या धुऊन, चिरून, डब्यात भरून विमानानं दुबईला जायच्या. दुबईत म्हणे गोडाऊनएवढाली दुकानं असतात आणि बायका भाजी निवडत बसत नाहीत, डबाच उचलतात. "मग दिसभर करत्यात काय?" असं म्हाळसानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं.

"सायबांनी दिलाय," रोहिणी म्हणाली. "समद्यांना न्हाय. ज्या पर्मनंट होनार त्यांनाच. म्हनले, आपन काय बनवतो ते घरच्यांनीबी खाऊन बगावं."

"सही कवा हाय?" मल्हारनं विचारलं. तो तिचा नवरा. तिथंच पलीकडच्या डेअरीत होता, रोज तिला गाडीवर मागं बसवून नेत असे.

"उद्या."

 

रोहिणीनं चार ताटल्यांत चमच्यानं वाढलं. हात तिनं पदराखालून जेवढ्यास तेवढे बाहेर काढले. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडल्या होत्या, कातडं सुटून आलं होतं, आणि नखं फार दिवस पाण्यात राहिलेल्या माणसासारखी मऊ दिसत होती. ताटलीत झालरीच्या काठाचा, काळपट हिरवा, जाड पाला होता. साहेब त्याला केल म्हणत, बायका झालरीचा पाला म्हणत. पाल्यात गव्हाचे उकडलेले दाणे होते आणि वरून काहीतरी आंबटगोड पाणी.

मल्हारनं घास घेतला. चावला. चावतच राहिला.

"ह्येला काय पर्मनंट चावायचं का?"

"गप ऱ्हावा," रोहिणी म्हणाली, पण हसली. फार दिवसांनी हसली.

म्हाळसानंही तोंडात टाकलं. थंडगार. पाला चिवट, जिभेवर जरा कडू. मीठ कमी. तिनं आत जाऊन शेंगदाण्याच्या चटणीची वाटी आणली, प्रत्येकाच्या ताटलीत चिमूट टाकली. "फोडनी दिऊ का बारीकशी? लसनाची?"

"आत्याबाई, असंच खायचं असतंय. कच्चं."

"खातील बाई दुबईवाल्या. त्यांस्नी कोन सासू न्हाय वाटतं." मग बोटानं एक दाणा उचलून तिनं उन्हात धरला, आणि ओळख पटल्यासारखी बोलून गेली, "अगं, ह्या तर घुगऱ्या!"

बोलून गेली आणि थांबली.

घुगऱ्या बारशाला वाटतात. पाळण्यात नाव ठेवलं की आळीतल्या बायकांच्या ओटीत मूठमूठ घुगऱ्या पडतात. ह्या घरात त्या दोनदा शिजायच्या राहिल्या होत्या. पहिल्या वेळी रोहिणीचं पाचव्या महिन्यात गेलं, दुसऱ्या वेळी चौथ्यात. आता तिसऱ्यांदा, आणि तिसरा महिना लागला होता. चौघांनाही माहीत होतं आणि चौघांतलं कुणीही तसं बोललं नव्हतं. बोललं की नजर लागते.

पहिल्या वेळीही नजरच लागली होती. दुसऱ्या वेळी गाडीचा हादरा बसला. सारजा नावाची बाई रोहिणीच्याच भाजी धुवायच्या टाकीवर कामाला होती, तिचं गेलं ते ग्रहणात चाकू धरल्यानं. तिच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या छबूबाईचं गेलं ते तिच्या अंगातल्या उष्णतेनं. प्रत्येकीचं कारण वेगळं होतं. टाकी एकच.

म्हस्कूनं एक दाणा चघळला आणि ताटली हळूच बाजूला सरकवली. "मी आपलं म्हातारीला इचारून येतो," म्हणाला.

म्हातारी म्हणजे मेंढी. मेंढरांचं खांड विकून आठ वर्षं झाली, तेवढी एक त्यानं ठेवून घेतली होती. दावणीला बांधलेली असे. मेंढरांमागं फिरायचे तेव्हा नव्या मुलखातला पाला आधी अशा जाणत्या मेंढीपुढं धरायचा रिवाज होता. तिनं तोंड लावलं तर खांड सोडायचं, नाहीतर पुढं चालायचं. तिच्या नाकानं कितीतरी जीव वाचवले असं म्हस्कू सांगे. सांगे म्हणजे पुटपुटे.

त्यानं झालरीचं एक पान धरलं. म्हातारीनं हुंगलं आणि करकर खाऊन टाकलं. दुसऱ्यासाठी तोंड पुढं केलं.

"पास!" मल्हार ओरडला. "अप्पा, दुबईला कळवा."

सगळ्यांना उगाचच हायसं वाटलं. रोहिणीच्या चेहऱ्यावर तर रंगच आला. "मी सांगते न्हाय का, आमचा माल एकदम स्वच्छ. पानं तीन पान्यातनं निघत्यात. पयल्या पान्यात औषध असतंय, कीड मरायचं. मंग दोनदा साधं पानी. वासबी ऱ्हात न्हाय."

"आन् तुमी?" म्हस्कूनं विचारलं.

"आमी काय?"

"तुमी कितव्या पान्यात?"

"आमचे हात पयल्याच पान्यात असत्यात, अप्पा," ती म्हणाली. "हातमोज्यानं पान फाटतंय. मोजे तपासनीला कोन आलं की देत्यात." आणि विषय संपवावा तशी डब्यातलं चांगलं मोठं पान घेऊन मेंढीकडे गेली. "ये म्हातारे. माज्या हातचं खा."

म्हातारी पुढं आली. हुंगलं. पानाला नाही, पान धरलेल्या बोटांना. मग दोन पावलं मागं गेली.

"पोट भरलं तिचं," मल्हार म्हणाला.

म्हस्कूनं त्याच डब्यातलं दुसरं पान पुढं केलं. म्हातारीनं ते खाल्लं.

रोहिणीनं पुन्हा हात पुढं केला. म्हातारी मागं सरत दाव्याच्या टोकाला गेली, दावं ताणलं गेलं, आणि तिनं मान फिरवून धरली. लग्न होऊन आली तेव्हा हीच मेंढी रोहिणीच्या मागं मागं फिरायची, तिच्या पदरातल्या शेंगा खायची.

रोहिणी चुलीकडे गेली. वैलातली गार राख घेऊन तिनं हात घासले, बेचक्यांत, नखांत, मनगटापर्यंत. कातडं चरचरलं असणार, पण ती घासतच राहिली. मोरीवर हात धुतले. परत येऊन नवं पान धरलं. म्हातारीनं मान फिरवली. मग लिंबाखालची माती घेऊन घासले. पुन्हा धुतले. पुन्हा धरलं.

"ऱ्हाऊ दे की," मल्हार म्हणाला. "म्हातारी झालीय ती. नाकाचं गेलं असंल. व्हय ना अप्पा?"

म्हस्कू मातीकडे बघत राहिला.

म्हाळसा पायरीवर बसली होती. तिचे तळपाय समोर पसरलेले होते, टाचांच्या भेगांत दाणा मावेल एवढ्या. पंचवीस वर्षं मेंढरांमागं चालून झालेल्या भेगा. सुनेच्या पायाला अशा पडू नयेत म्हणून तिनंच गावातल्या द्वारकाबाईच्या ओळखीनं एमआयडीसीतला मुकादम गाठला होता, त्याला तूप नेऊन दिलं होतं. घराण्यातली पहिली पगारी बाई. निळी टोपी घालून गाडीवर बसलेली सून बघायला म्हाळसा रोज सकाळी फाटकापर्यंत जात असे, आणि वाटेत भेटेल त्या बाईला थांबवून सांगत असे. टाचा वाचल्या होत्या खऱ्या. रोहिणीच्या टाचा अजून लहान पोरीसारख्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी, पहिलं गेलं त्याच सुमारास, एका संध्याकाळी रोहिणीनं थापलेल्या भाकरीला तो वास आला होता. दवाखान्यातल्या फरशीसारखा. म्हाळसानं घास तोंडातून काढून चुलीत टाकला, आणि दुसऱ्या दिवसापासून परात स्वतःकडे ओढून घेतली. "तू दमून येतीस गं," म्हणाली होती. सगळ्या आळीनं अशा सासूचं कौतुक केलं होतं.

रोहिणी चौथ्यांदा राख घ्यायला निघाली.

म्हाळसा उठली. आडवी गेली. सुनेचे ओले, लाल झालेले हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतले. रोहिणी ते सोडवून पदराखाली न्यायला बघत होती. म्हाळसानं सोडले नाहीत.

"जाऊ द्या आत्याबाई. उद्या सही झाली की दुसऱ्या खात्यात घ्या म्हनीन मी."

"सही न्हाय करायची."

"आयं, येड्यागत काय बोलतीस," मल्हार म्हणाला. "पर्मनंट हाय—"

"तू गप." म्हाळसानं त्याच्याकडे बघितलं नाही. ती त्या हातांकडेच बघत होती. "नजर न्हाय, आन् तुज्या गाडीचा हादराबी न्हाय. त्या पान्यानं गेली आपली दोन्ही लेकरं. ह्या मुक्या जनावराला आज कळलं. मला पयल्याच्या येळंला कळलं हुतं, पोरी. भाकरीचं पीठ तेवढं तुज्या हातनं काढून घेतलं मी, आन् पयलं गेल्यावर धाव्या दिशी टोपी घालून तुला गाडीवर बशिवली."