म्याल रूल केळग

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी चेतनचा फोन आला तेव्हा आरुषीच्या काखेत थर्मामीटर होता. शंभर पॉइंट आठ. नवरा, संघपाल, पहिल्या पाळीला रेल्वे वर्कशॉपमध्ये गेलेला. हुबळीच्या कमरीपेठेतल्या आमच्या गल्लीत तापलेलं पोर कुणी सांभाळायला घेत नाही, आणि मी त्यांना दोषही देत नाही.

"मेडम, येत नाही म्हणजे? आज परीक्षा आहे."

"पोरीला ताप आहे रे. सगळं काल लावून ठेवलंय. एकच बदल राहिलाय. मी सांगते, तू कर."

"काम तुमचं, आणि हात माझे?"

हे बोलणं नेहमीचं. विद्यानगरातल्या आमच्या ऑनलाइन परीक्षा केंद्रात चेतन माझ्याआधी तीन वर्षं होता. नेटवर्क मात्र मालकांनी माझ्याकडे दिलं, तेही कंत्राटावर. ते कंत्राट वाढवायचं की नाही, हे याच आठवड्यात ठरायचं होतं.

केंद्रात इंटरनेटच्या दोन लाईन. एक फिक्स पत्त्याची. परीक्षेचा सर्व्हर फक्त तोच पत्ता ओळखतो, दुसरीकडून आलेल्याला दारातूनच हाकलतो. दुसरी साधी ब्रॉडबँड. कुणी कुठल्या लाईनने जायचं, हे फायरवॉलमधले नियम ठरवतात. फायरवॉल ते वरून खाली वाचते आणि जो पहिला लागू पडेल तिथेच थांबते. पहिला नियम: परीक्षेची लॅब फिक्स लाईनवर. दुसरा: ऑफिसची मेलही फिक्स लाईनवर. तिसरा: बाकी सगळं ब्रॉडबँडवर. काल संध्याकाळी ऑफिसने मोठमोठ्या फायली मेलने पाठवायला घेतल्या आणि फिक्स लाईन कोंडली. म्हणून परीक्षेपुरता मेलचा नियम तिसऱ्याच्या खाली सरकवायचा, म्हणजे मेलसुद्धा 'बाकी सगळं' होऊन ब्रॉडबँडने जाईल. एवढंच.

चेतनचं लॉगिन चालेना. मी माझा पासवर्ड फोनवर सांगितला. एका हाताने आरुषीच्या काखेतला थर्मामीटर काढत होते, ती किंचाळत होती.

"मेल रूल केळग हाक," मी म्हटलं. त्याच्याशी मी कन्नडातच बोलते. मेलचा रूल खाली टाक.

तो काहीतरी बोलला, मी काहीतरी बोलले, फोन ठेवला.

नऊ वाजून पाच मिनिटांनी मालक दत्तात्रय सरांचा फोन. "चव्वेचाळीस उमेदवार बसलेत आणि एकाचंही लॉगिन होत नाहीये. चेतन म्हणतो, तुम्ही सांगितलं तसंच केलं. आता तो मशीनला हात लावायला तयार नाही. रिक्षा करा आणि या."

आरुषीला शालीत गुंडाळलं, औषधाची बाटली पर्समध्ये टाकली. रिक्षात तिचं कपाळ माझ्या गळ्याला चटका देत होतं.

केंद्राच्या दारात पालकांची गर्दी. एका बापाने माझ्या ओळखपत्राकडे बोट केलं. "एन्री, नम्म हुडुगीद एन गति?" त्याच्या मुलीचं काय होणार, हे तो मला विचारत होता, आणि माझ्या मुलीकडे बघतही नव्हता. मी तरी त्याच्या जागी बघितलं असतं का?

"आल्या," दत्तात्रय सर म्हणाले. "पोर घेऊन आल्या."

सांगलीकडून आलेल्या घरातले ते. बाहेरच्यांपुढे माझ्याशी मुद्दाम मराठीत बोलतात, म्हणजे रागावलेलं लोकांना कळत नाही. चेतनला मराठी येतं हे ते विसरतात. किंवा विसरत नाहीत.

मी आरुषीला मांडीवर घेऊन स्क्रीनपुढे बसले. अर्ध्या मिनिटात दिसलं. मेलचा नियम जागच्या जागी होता. लॅबचा नियम सगळ्यात खाली जाऊन पडला होता. चव्वेचाळीस मुलं ब्रॉडबँडवरून सर्व्हरचं दार ठोठावत होती.

नियम वर घेतला, मेलचा खाली टाकला. नऊ एकोणचाळीसला हॉलमधून एक मुलगी ओरडली, "आलं, आलं!" पाठोपाठ बाकीच्यांची लॉगिनं झाली. परीक्षा घेणाऱ्या एजन्सीने तेवढा वेळ वाढवून दिला, पण दुपारी दोनच्या दुसऱ्या पाळीच्या आत लेखी कारण मागितलं.

"लिहा," सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. "माझ्या चुकीमुळे, आणि खाली सही. लॉगमध्ये आठ चौदाला तुमचंच नाव आहे, नूतन."

"हात चेतनचा होता."

"पासवर्ड कुणी दिला? तुम्हा लोकांना घ्यायचं म्हणजे हेच."

तुम्ही लोक म्हणजे बायका, की लेकुरवाळ्या, की आणखी काही, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं.

"सांगितलं तेच केलं मी," चेतन कपाटाला टेकून म्हणाला. "दोनदा विचारलं. हो म्हणाली अक्का. आता फिरते."

मी फोन काढला. माझ्या फोनवर प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो. बालरोगतज्ज्ञ किती मिली सांगतात ते पुन्हा ऐकता यावं म्हणून मी ते लावलंय, दुसऱ्या कशासाठी नाही. आवाज मोठा केला.

आधी आरुषीचं रडणं. मग मी: "मेल रूल केळग हाक." मग चेतन: "म्याल रूल केळग. आत?"

मी थांबवलं. पुन्हा लावलं. मेल. म्याल. हुबळीच्या कन्नडात म्याल म्हणजे वर. मी म्हटलं मेलचा, त्याने ऐकलं वरचा, आणि वरचा उचलून खाली टाकला. आत, म्हणजे झालं का? आणि त्यावर माझाच आवाज, अगदी स्पष्ट: "झालं, झालं."

"बघा!" चेतन उसळला. "झालं म्हणते की नाही?"

"पुढे ऐक."

"झालं, झालं, माझी बाय ती, निघाला थर्मामीटर."

सर हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "हे एजन्सीला कळवू? अंगाई?"

"हेच कळवायचं."

"चेतन, स्क्रीनवर मेल लिहिलेलं दिसत नव्हतं?" मी विचारलं.

"दिसत होतं. आणि माझं विचारणं तुला ऐकू येत नव्हतं?"

ऐकू आलं नव्हतं. ते खरं होतं, आणि मला त्याच्यापेक्षा माझाच राग जास्त आला. पण सर सही माझ्या एकटीची मागत होते.

मी लिहायला घेतलं. फोनवर तोंडी सूचना, एका शब्दाचा दोन भाषांतला घोटाळा, पासवर्ड मी दिला, बदल चेतनने केला, स्क्रीनवर कुणीच पडताळला नाही. आणि शेवटची ओळ: परीक्षेच्या दिवशी नेटवर्क बघायला दुसरा माणूस नेमलेला नव्हता. खाली तीन नावं: माझं, चेतनचं, सरांचं. माझी सही केली. कागद सरांकडे वळवला.

"माझं नाव काढा."

"मग दोनची पाळी चेतन बघेल. मी पोरीला घेऊन दवाखान्यात जाते."

सरांनी चेतनकडे पाहिलं. चेतनने छताकडे. बारा वाजत आले होते. आरुषी शालीतून हात काढून सरांचं पेन ओढत होती. मी तिला अडवलं नाही.

त्यांनी तिच्या हातातून पेन हिसकावून सही केली. ती रडायला लागली. चेतनने मुकाट्याने आपली केली.

"कंत्राटाचं?" मी विचारलं.

"बघू. पुढच्या वेळी पोर घरी ठेवून या."

मी मेलच्या नियमाचं नाव बदलून टपाल केलं, पासवर्ड बदलला.

"नवा काय ठेवलाय, अक्का?"

"लिहून माग."

त्याने कन्नडात एक शिवी पुटपुटली. मला कन्नड येतं, हे तो विसरत नाही.

आरुषीला औषध पाजलं. मग ते रेकॉर्डिंग संघपालला पाठवलं आणि स्वतःलाही मेल केलं. मेल ब्रॉडबँडने गेली की नाही, तेही स्क्रीनवर बघून घेतलं. गेली.