त्रेचाळीस पायऱ्यांखालची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी व्हीलचेअर आहे. मला चार चाकं आहेत, त्यांतली तीन अजून गोल आहेत.

माझा जन्म लोखंडी खाटांच्या कारखान्यात झाला. वेल्डरने माझे सांधे जोडले, शिवणकाम करणाऱ्या बाईंनी रेक्झिनची बैठक शिवली आणि एका जाडजूड तपासनिसाने माझ्यावर तीनदा आदळून बसून मी टिकाऊ असल्याचं जाहीर केलं. उमेदीची अकरा वर्षं मी एका इस्पितळात काढली. बाळं घेऊन घरी निघालेल्या आया माझ्यावर बसल्या, प्लास्टरमधले पाय माझ्यावर विसावले. तिथले लोक मला ‘राणी’ म्हणत, कारण एकदा ब्रेक लागला की मी कुणाचं ऐकत नसे. पुढे इस्पितळाने नव्या खुर्च्या घेतल्या आणि मला या शहरातल्या जुन्या राजवाड्याला भेट दिलं. भाषणं झाली. माझ्या पाठीवर देणाऱ्यांचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत रंगवलं, की बसणारा माणूस ही मधली अडचण वाटावी.

तेव्हापासून मी जिन्याखाली असते. बादली आणि फरशी पुसायचा दांडा हे माझे शेजारी. पावसाळ्यात माझ्या हातांवर छत्र्या वाळत घालतात.

इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. माझ्यावर माणूस बसला, की लोक त्याच्याशी बोलायचं बंद करतात. जे विचारायचं ते ढकलणाऱ्याला विचारतात. यांना पाणी हवंय का? यांना ऐकू येतं का? येत असतं, मित्रांनो. चांगलं येत असतं.

गेल्या हिवाळ्यात एक कुटुंब शहर बघायला आलं. मुलगा, सून, नात आणि मुलाची म्हातारी आई. मुलाजवळ छापील वेळापत्रक होतं : एका दिवसात नऊ ठिकाणं, राजवाड्याला पन्नास मिनिटं. आजींना चालता येत होतं. फक्त वेळापत्रकाच्या वेगाने येत नव्हतं, म्हणून मला बाहेर काढण्यात आलं. ‘मी चालेन की,’ असं आजींनी दोनदा म्हणून पाहिलं. आई, तू आरामात बस, आज तुझाच दिवस आहे, असं मुलगा म्हणाला आणि ते इतक्या प्रेमाने म्हणाला, की त्यांना बसण्यावाचून इलाज उरला नाही.

खालचा मजला आम्ही झपाट्याने उरकला. तोफा, बग्ग्या, आरसे. माझ्या उंचीवरून आजींना बग्ग्यांची चाकं तेवढी दिसली. मला ती आवडली.

मग जिना आला. मी जिने चढत नाही. तेव्हा आजींनी सामानघरापाशी थांबावं आणि नातीने वरचं सगळं मोबाइलवर काढून आणावं, असं ठरलं. आजी सोडून सगळ्यांचं एकमत झालं. मुलाने माझे ब्रेक लावले, आईच्या मांडीवर स्वेटर, पाण्याच्या बाटल्या आणि पिशवी ठेवली आणि मंडळी वर गेली.

सामानघरातल्या बाईंनी चौकशीसाठी इकडेतिकडे पाहिलं. विचारायला दुसरं कुणीच नव्हतं, म्हणून त्यांनी आजींनाच विचारलं, “आजी, तुम्हाला नाही का जायचं वर?”

“वर जायलाच तर आले होते,” आजी म्हणाल्या.

आजींचे यजमान रंगारी होते. चाळीस वर्षांपूर्वी वरच्या दरबाराचं छत नव्याने रंगवलं, तेव्हा एका कोपऱ्यातलं आभाळ त्यांच्या वाट्याला आलं होतं. मुकादम म्हणाला, तुझा निळा बाकीच्या छताशी जुळत नाही. हे म्हणाले, जुळतो. आणि पुढे मरेपर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षं, जेवताना तेच म्हणत राहिले. आजींनी न बघताच मुकादमाची बाजू घेतली होती, कारण घरात दुसरी बाजू कुणीतरी घ्यावीच लागते. आता हे नव्हते. तो कोपरा एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढ्यासाठी त्या सहलीला आल्या होत्या.

“मग मुलाला नाही सांगितलंत?”

“त्याने विचारलं कुठं? त्याने वेळापत्रक दाखवलं.”

बाईंनी थोडा विचार केला. पायऱ्या त्रेचाळीस, कठडा डाव्या हाताला, मधल्या वळणावर बाक, असं सांगून त्यांनी आजींच्या मांडीवरचं सगळं सामान ठेवून घेतलं आणि रीतसर बिल्ला दिला. आजी उठल्या.

मला त्यांची पावलं ऐकू येत होती. दोन पायऱ्या, थांबा. दोन पायऱ्या, थांबा. विसाव्या पायरीनंतर बराच वेळ काहीच आवाज आला नाही. माझे ब्रेक लागलेले होते. नसते लागले, तरी मी काय करणार होते? मग पुन्हा दोन पायऱ्या.

तेवढ्यात मंडळी पलीकडच्या जिन्याने खाली आली. मला रिकामी बघून मुलाने वाकून माझ्या खालीही पाहिलं. माणूस घाबरला की काय करेल सांगता येत नाही.

“वर गेल्यात त्या,” बाई म्हणाल्या.

“वर? कुणी नेलं आईला?”

“त्यांच्याच पायांनी.”

मुलगा धावत गेला. सून आणि नात त्याच्यामागून गेल्या. पुढच्या ठिकाणाची वेळ झाली आणि टळली. फार उशिराने आजी उतरताना दिसल्या. मुलगा एक पायरी खाली राहून, त्यांच्याकडे तोंड करून उलटा उतरत होता. घाई कुणालाच नव्हती.

बाईंनी विचारलं, जुळतो का रंग.

“नाही जुळत. मुकादमाचं खरं होतं,” आजी म्हणाल्या. मग कठडा सोडून त्या शेवटची पायरी उतरल्या. “पण ह्यांचा कोपरा तेवढा आभाळासारखा आहे. बाकीचं नुसतं रंगवलेलं वाटतं.”

मुलाचे हात सवयीने माझ्या मुठींवर आले होते. ते त्याने काढले, तो पुढे आला आणि उकिडवा बसला. “आई, बसतेस का?”

“बसते,” आजी म्हणाल्या. “पण ती पिशवी तुझ्या खांद्यावर घे.”

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. माझ्यावर कुणी बसलेलं दिसलं, तर ढकलणाऱ्याला सोडा. समोर या, गुडघे जरा वाकवा आणि बसलेल्या माणसालाच विचारा, तुम्हाला काय बघायचंय. आणि उत्तर येईपर्यंत थांबा. काही उत्तरं चाळीस वर्षं आत बसलेली असतात. त्यांना उठून उभं राहायला वेळ लागतो.