कच्चा चुना

ओल्या भिंतीवरून तळहात फिरताना जो आवाज होतो, तो झोपेतल्या गाईच्या श्वासासारखा असतो. रखमाजी गवंडी आमच्या कसब्यातल्या घरी कामाला होता त्या वसंतात हा श्वास सकाळच्या पूजेआधी सुरू होई आणि उन्हं परसातल्या विहिरीवरून सरकेपर्यंत चाले. थापी, ओळंबा, घोटाईचा नदीतला गुळगुळीत गोटा, सारं हाताशी असे. पण शेवटचा निवाडा तळहाताचा. चुन्यानं त्याच्या हातावरच्या रेषा केव्हाच खाऊन टाकल्या होत्या. ज्योतिष्याला तिथे काही वाचता आलं नसतं. तो हात मात्र भिंत वाचत असे, अंधानं देवाची मूर्ती चाचपावी तसा.

मी दप्तरातला साधा कारकून. तरी ओसरीची भिंत आरशासारखी घोटून हवी, अशी हौस. कारण थोरल्याच्या मुंजीला आमचे वरिष्ठ पानसुपारीला येणार होते. आणि ते येणार हे मी, त्यांना विचारण्याआधीच, निम्म्या पेठेत सांगून बसलो होतो.

चुना अंगणातल्या खड्ड्यात भिजत पडला होता. रोज सांजावताना रखमाजी गुडघे टेकून खड्ड्यावर कान धरी. आतून बारीक चुरचुर येई, जणू मातीच्या पोटात कुणी संध्येचे मंत्र पुटपुटतंय.

"निवला न्हाई अजून, पंत. आणिक म्हैनाभर निजू द्या त्याला."

"रखमाजी, मुंज वीस दिवसांवर आली! तुमचा चुना निवेपर्यंत बटूला नातवंडं होतील."

तो हसला नाही. "कच्चा खडा भितीत गेला की ओल पितो, फुगतो नि फुटतो. भित तुमची हाय, पर नाव माजं जातं. नदीपल्याड नवं देऊळ उठतंय, त्याची देखरेख तुमच्याच मोठ्या सायबांकडं. गाभाऱ्याचं काम माज्या हातून व्हावं, येवढी एकच विच्छा ऱ्हायलीय."

मी शपथेसाठी बोटात जानवं धरलं. "काही झालंच तर चारचौघांत सांगेन, हट्ट माझा होता. झालं?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, भिंतीला ओळंबा लावावा तसं. दुसऱ्या दिवशी त्यानं खड्डा उघडला.

भिंत अशी झाली की तिच्यात समईच्या ज्योती दुसऱ्यांदा लागत. शंखाच्या पोटातला शुभ्र, ओलसर प्रकाश आमच्या ओसरीत मुक्कामाला आला होता. मी तिच्यासमोरून उगीचच येरझारा घालीत असे, कारण तीत माझं पोटसुद्धा भारदस्त दिसे.

मुंजीच्या दुपारी वरिष्ठ लोडाला टेकून विडा लावीत होते आणि त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीतून टप्प असा आवाज आला. एक खपली पगडीवर पडली. मग दुसरी, शेल्यावर. तिसरी विड्याच्या तबकात. लख्ख भिंतीला देवीचे व्रण उठावेत तसे खळगे पडले.

"कुणाचं हो हे काम?" वरिष्ठांनी पगडी झटकत विचारलं.

रखमाजी अंगणात उभा होता. मुंजीला या म्हणून मीच त्याला आग्रहानं बोलावलं होतं. त्यानं वरिष्ठांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. वैशाखाच्या त्या निश्चल उन्हात त्याची नजर सावलीच्या शोधात आलेल्या पाखरासारखी माझ्यावर येऊन बसली आणि थांबली.

"कसब्यातल्या रखमाजीचं," मी म्हणालो. बोललो त्यात एक शब्द खोटा नव्हता. उरलेलं खरं मी विड्याबरोबर चघळत बसलो.

"बरं झालं, गाभाऱ्याआधी कळलं," वरिष्ठ म्हणाले.

पाहुणे पांगल्यावर बायको एवढंच म्हणाली, "अहो, जीभ चुन्यानं भाजली होती का?"

दुसऱ्या सकाळी रखमाजी न बोलावता आला. एकेक खळगा खरवडून, भरून, घोटून त्यानं भिंत पुन्हा निर्दोष केली. मी आत पोथी उलटी धरून बसलो होतो. जाताना तो दारातून म्हणाला, "येतो, पंत." बस्स. पुढे कळलं, तो साताऱ्याकडे गेला. दिवसभर दुसऱ्यांची पत्रं लिहिणाऱ्या मला वरिष्ठांना चार ओळी लिहायला सवड झाली नाही. मग वरिष्ठच वारले.

मधल्या इतक्या वर्षांत मी ही हकीकत मोठी रंगतदार केली आहे. लग्नकार्यात पंगत उठली की पुतणे म्हणतात, "काका, त्या अडाणी गवंड्याची गोष्ट सांगा ना!" मी पगडी झटकून दाखवतो, खपल्यांचे आवाज काढतो, माणसं पोट धरून हसतात. जानव्याचा भाग मी गाळतो. त्यानं गोष्टीची लय बिघडते, असं मी स्वतःला सांगतो.

साताऱ्याकडून त्याची काहीच खबर आली नाही. असलाच तर थकला असेल. नसला, तर पुण्यात आता त्याचं म्हणून माझं हे चटपटीत सांगणंच तेवढं उरलं आहे. गेलेल्या माणसाला काळ कुणाच्या तरी आठवणीत ठेवून पुढे निघून जातो. पण ठेवलं ते कुणाकडे, हे वळून पाहायला मात्र तो थांबत नाही.