चौसष्टावं काम

मोठं काम बारीक तुकड्यांत मोडायचं, हीच रोसेंदा आबेलानोसाची नोकरी. फिलिपीन्समधल्या सेबूच्या किनाऱ्यावरच्या बोटबांधणी कारखान्यात ती नियोजन बघायची. एका माणसाच्या हातून आठवड्यात उरकेल एवढंच काम एका चौकटीत. खाली त्याचं नाव आणि त्यानं शेवटी काय पुरं करून द्यायचं ते. काम झालं की चौकट हिरवी. जुन्या प्रवासी बोटीवर तिसरा मजला चढवायचा होता. तिनं त्याच्या त्रेसष्ट चौकटी पाडल्या. चार महिन्यांत भिंतीवरचा तक्ता सगळा हिरवा झाला.

"पोरी, तुझ्या तक्त्यानं आम्हाला पाठ टेकायची सोय ठेवली नाही बघ," वेल्डरांचा मुकादम इस्को जेवताना म्हणाला. सगळे त्याला नोंग, म्हणजे दादा, म्हणत. "आणि त्या वरच्या खुर्च्या! दोघांना एक उचलेना."

"फायबरच्या खुर्च्या उचलेनात? म्हातारे झालात, नोंग!"

"कसल्या फायबरच्या? लोखंडी आहेत. फायबरच्या वेळेत मिळेनात. तुझी तारीख चुकायला नको म्हणून बदलल्या."

रोसेंदाचा घास हातातच राहिला. दुपारभर ती एकेकाला गाठत हिंडली. पाण्याची टाकी मोठी बसवली होती. छताचा पत्रा जाड निघाला. प्रत्येकानं थोडंसंच वाढवलं होतं. तिनं वहीत बेरीज केली. नकाशात वरच्या मजल्याला सव्वीस टन धरले होते. चढले होते एकेचाळीस. ही बेरीज करायची चौकटच तक्त्यात नव्हती, आणि तक्ता तिनंच केला होता.

"कुठलं काम राहिलंय ते दाखव," व्यवस्थापक विल्यारिन म्हणाला.

"राहिलेलं नाही सर, सुटलंय. माझ्याकडूनच. वर पंधरा टन जास्त चढलेत. बोट किती कलते ते तपासायला हवं."

"म्हणजे दहा दिवस गेले. शनिवारी पहिली फेरी आहे, तिकिटं विकली गेलीत. उद्या कामगारांच्या घरच्यांना समुद्रात नेऊन बोटीवर जेवण आहे, ते तरी सुखानं होऊ दे, बाई."

दुसऱ्या दिवशी तिनं बोटीचा कप्तान तिबुर्सियो याला वही दाखवली. त्यानं ती दोनदा वाचली आणि दोर सोडायला नकार दिला. जेवण धक्क्याला बांधलेल्या बोटीवरच झालं. वरच्या मजल्यावर दीडशे माणसं, निम्मी पोरंबाळं. समुद्राच्या बाजूनं सणाच्या सजवलेल्या होड्या जाऊ लागल्या तशी सगळी त्या बाजूच्या कठड्याकडे धावली. बोट कलली. आधी लोक हसले. मग भाजलेलं आख्खं डुक्कर ताटासकट घसरत कठड्यावर आदळलं, आणि हसू थांबलं. धक्क्याचे दोर करकरले.

"जागचं हलू नका! खाली बसा!" कप्तान ओरडला. "आता एकेक जण. रांगत."

निम्मी माणसं उतरेपर्यंत बोट तशीच तिरपी होती. मग हळूहळू सरळ झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्त्यावर चौसष्टावी चौकट होती. एकूण वजनाची तपासणी. जबाबदार, रोसेंदा आबेलानोसा. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. रंग हिरवा.

"मी हे केलेलं नाही, सर."

"केलंस की. काल वही घेऊन नाचत होतीस ना?" विल्यारिननं मान वर केली नाही.

तिबुर्सियोला सुट्टीवर पाठवलं होतं. नवा कप्तान आला होता. बोट थांबवा असा अर्ज घेऊन रोसेंदा बंदराच्या कचेरीत गेली. कारकुनानं तिच्या अर्जावर शिक्का मारला. "आमचं काम अर्ज घ्यायचं. तपासणीचं टेबल वेगळं. सोमवारी या."

शनिवारी पहाटेच ती धक्क्यावर येऊन शिडीपाशी उभी राहिली आणि रांगेतल्या एकेकाला सांगत सुटली. एका बाईनं ऐकून पोरांना मागे ओढलं. एक म्हातारा परत फिरला. "नोकरीवरून काढलेली दिसतेय," कुणीतरी म्हणालं. पहारेकऱ्यांनी तिला दंडाला धरून फाटकाबाहेर नेलं. तोवर तीसेक माणसं परतली होती. बाकीची चढली.

आठ वाजता भोंगा झाला. फाटकाच्या गजांतून ती बघत होती. वरचा मजला गच्च भरला होता. लोक हात हलवत होते. बंधाऱ्यापाशी वळताना बोट डावीकडे कलली.

बोट पुन्हा सरळ व्हायची वाट बघत रोसेंदा गज धरून उभी राहिली.