महादेवरावांच्या पेटीचं पारायण

आधीच सांगून टाकतो, मला वाचनाची काही आवड नाही. लहानपणी एका गोसाव्यानं आमच्या मळ्यात चातुर्मास काढला आणि जाताना मला अक्षरं शिकवून गेला. तेव्हापासून हे लचांड गळ्यात पडलं. आम्ही माळी. अकोटाजवळ माझी वांगी-मिरचीची वाडी आहे. दिवसभर मोट हाकायची आणि दिवे लागले की कुणाच्या तरी ओसरीवर पोथी वाचायची, यात माणसाचं पार चिपाड होतं.

त्या साली तर कहर झाला. समुद्रापार कुठंशी लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. गावातले मोठे कास्तकार महादेवराव अमरावतीला कापूस विकून आले, ते गाडीत एक शिसवी पेटी घेऊन. मुंबईला परत चाललेल्या एका अडत्यानं ती विकायला काढली होती. आत नुसती पुस्तकं. महादेवरावांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्या लेखी छापलेलं ते सगळं पोथीच. त्यांची बायको रुख्मिणी पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळली होती आणि वैद्यांनी हात टेकले होते. महादेवराव नवस बोलले, की पेटीतल्या सगळ्या पोथ्यांचं पारायण करीन.

"महादेवराव, ह्या समद्या पोथ्या नाईत," मी सांगून पाहिलं.

"देवाले काय फरक पडते, बुवा? वाचा तुमी."

आमच्याकडची रीत अशी, की यजमानानं रोज पाटासमोर बसायचं आणि लावलेली पोथी अर्धी टाकून गाव सोडायचं नाही. महादेवराव बसायचे. माजघराच्या दाराशी रुख्मिणीची खाट आणून ठेवलेली असायची.

पहिलंच पुस्तक निघालं कापसाच्या लागवडीचं, सरकारनं छापलेलं. विलायती सरकी कशी पेरावी ते त्यात लिहिलं होतं. लिहिणारा आमच्या काळ्या रानात पावसाळ्यात कधी उतरला नसावा, नाहीतर जोड्यासकट रुतून बसला असता. तरी त्या पुस्तकाला हळदकुंकू लागलं, आरती झाली, प्रसाद वाटला गेला. दुसरं कुणा पादऱ्याचं. त्यात आमच्याच देवांना नावं ठेवलेली. त्याची आरती करताना मला घाम फुटला. त्याची मराठी तर अशी, की एकेक वाक्य दगडासारखं उचलून ठेवावं लागे.

"कोनाचा एवढा राग आला व्हता त्या मानसाले?" रुख्मिणीनं विचारलं. तिला सगळं कळत असे.

मग वैद्यकाचं. त्यात ज्वराच्या प्रकरणाशी आलो आणि थबकलो. रोगी हाती लागत नाही तेव्हा कोणती लक्षणं दिसतात, ते तिथं शिस्तीत लिहिलं होतं. दाराकडे न बघता मी ती पानं गिळली. पण पानं गाळायची एकदा चटक लागली ती लागलीच. पुढं भूगोल आला. पृथ्वी गोल आहे म्हणे. असेल बापडी, माझी पाठ काही त्यानं सरळ होत नव्हती. मी दोन-दोन पानं एकदम उलटू लागलो.

एका संध्याकाळी महादेवराव आरतीचं तबक आणायला आत गेले, तेव्हा रुख्मिणीनं मला हळूच हाक मारली.

"बुवा, पानं काहून गाळून राहिले?"

"थकलो, वयनी."

"मीही थकली. पन सावकाश वाचा. पोथ्या सरल्या का हे गाड्या जुंपतीन. अमरावतीले गेले का महिना महिना येत नाईत. मंग मले एकटीनंच जा लागन."

कुठं, ते तिनं सांगितलं नाही. मला विचारावं लागलं नाही. त्यानंतर मी शब्द न् शब्द वाचला, देशांची नावं आणि नद्यांची लांबीसुद्धा.

पण पेटी म्हणजे काही विहीर नव्हे, झरे फुटायला. शेवटी एक राजपुत्राची गोष्ट उरली. राजकन्या पानोपानी रडते, राजपुत्र पानोपानी तिला शोधतो. एकानं जरी दुसऱ्याला मोठ्यानं हाक मारली असती, तरी माझे कितीतरी दिवस वाचले असते. तिकडं अंगणात कापसाच्या गाड्या भरून उभ्या होत्या. भाव उतरून राहिला, असा अमरावतीचा निरोप होता आणि गाडीवान रोज दारात येऊन खाकरत होते.

गोष्ट संपली. दोघांचं लग्न झालं. महादेवरावांनी समाप्तीचा नारळ हातात घेतला. रुख्मिणीनं तोंड भिंतीकडे वळवलं.

"थांबा," मी म्हणालो, "अजून आहे."

पान उलटलं. पुढं बांधणीतला कोरा कागद होता. त्यावर बोट ठेवून मी वाचू लागलो. मला काय सुचणार? राजकन्या राजपुत्राबरोबर कौंडण्यपूरच्या जत्रेला गेली, तिथं वर्धेच्या काठी तिनं मळा धरला, वांगी लावली. वांग्यांना कीड लागली, तेव्हा राजपुत्र दिवसभर वाकून अळ्या वेचत बसला. महादेवराव नारळ मांडीवर ठेवून परत खाली बसले.

दाराकडून बारीकसं हसू आलं. "हे बरं हाये," रुख्मिणी म्हणाली. "इतक्या पोथ्यायत हेच बरं हाये."

आवाज बसला तेव्हा मी थांबलो आणि उरलेलं उद्या, असं म्हणून पुस्तक मिटलं. महादेवराव मला फाटकापर्यंत सोडायला आले. वाटेत त्यांनी गाडीवानाला बैल गोठ्यात बांधायला सांगितलं. फाटकाशी ते थांबले.

"मले वाचता येत नाई, बुवा," ते म्हणाले. "पन कोरा कागद दिसते मले."

मी फाटकाची कडी काढली.

"उद्या जरा लवकर या," ते म्हणाले.