एफ-नाइनवरची टिकली

"घरात लेकरू आहे सायली, असलं हत्यार एका बटणावर ठेवू नको," सुदर्शननं बजावलं होतं. सायलीनं लेकीच्या गालावरचा भात पुसत नवऱ्याला उडवून लावलं, "दीड वर्षाची आहे ती. तिला अजून स्वतःचं नाक सापडत नाही, एफ-नाइन कुठनं सापडणार?"

हत्यार म्हणजे काय, तर सायली उस्मानपुऱ्यातल्या घरी बसून एका क्लासच्या ऑनलाइन परीक्षांचा सर्व्हर सांभाळायची. तो मधूनच रुसायचा. मग त्याला बंद करून पुन्हा चालू करायची लांबलचक आज्ञा टर्मिनलच्या काळ्या खिडकीत टाइप करावी लागे. एक हात कायम लेकीच्या पाठीवर, उरलेल्या एका हातानं किती बडवणार? म्हणून तिनं ती आज्ञा कीबोर्डच्या वरच्या रांगेतल्या एफ-नाइन या किल्लीला जोडायचं ठरवलं. किल्ली दाबली की कीबोर्ड आतल्या आत चिन्हांची साखळी पाठवतो. ती उघडी पाडायला सायलीनं कंट्रोल धरून व्ही दाबलं आणि मग एफ-नाइन. खिडकीत उमटलं: ^[[20~. तेच सेटिंगच्या फाइलीत लिहिलं, पुढं आज्ञा जोडली, आणि न बघता बोट नेमकं पडावं म्हणून आरशावरची एक लाल टिकली काढून त्या किल्लीवर चिकटवली. स्वतःवर जाम खूश झाली.

आणि मग एका दुपारी, पोरांचे पेपर चालू असताना, सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा उठला. दुसऱ्या दुपारीही तेच. क्लासच्या राजेंद्र सरांचा फोन आला, "मॅडम, पोरं अर्ध्या पेपरातून बाहेर फेकली जातायत. तुमचं प्रोबेशन संपत आलंय. अजून एकदा झालं, तर वर मी काय सांगू?"

सायलीनं लॅपटॉप उघडला. सर्व्हरवरची नोंद सांगत होती, आज्ञा तिच्याच लॅपटॉपवरून आलीय. त्या वेळी ती स्वयंपाकघरात भाकरी थापत असायची आणि लॅपटॉपच्या खोलीत तिची लेक संस्कृती आजीच्या हातून जेवत असायची. तिनं लेकीकडे रोखून पाहिलं. लेक तोंडभर हसली.

तिसऱ्या दिवशी सायलीनं सापळा लावला. टर्मिनलमध्ये कॅट नावाची साधी आज्ञा चालू करून ठेवली. आता कुठलीही किल्ली दाबली तरी सर्व्हरला धक्का नाही, नुसती तिची चिन्हं पडद्यावर उमटणार. भाकऱ्या टोपलीत टाकून ती परत आली तर पडद्यावर रांगच लागलेली: ^[[20~^[[20~^[[20~^[[20~. बाकी एक अक्षर नाही.

सायली थबकली. संस्कृतीचा पंजा पडला असता तर अक्षरांचा चिवडा झाला असता. हे बोट नेम धरून पडत होतं. नेम धरणारं माणूस त्या खोलीत एकच होतं, तिची सासू, आशाबाई.

आता आत्यांना (सासूला ती आत्या म्हणायची) तोंडावर विचारावं, तर पैठणच्या माहेरापर्यंत ऐकू जाईल असा गळा काढला असता त्यांनी. सायलीनं गुपचूप एफ-नाइनची आज्ञा बदलली आणि दुसऱ्या दिवशी दाराआड उभी राहिली.

"घे गं माझी बाय. आ कर. करत नाय? बरं, दाब टिकली, मग घास," म्हणत आशाबाईंनी नातीचं बोट धरून टिकलीवर टेकवलं.

पडद्यावर अक्षरं आली: आशाबाई, आज भाजी आळणी झालीय.

"अगं बया!" आशाबाईंच्या हातातली वाटी कलंडली. "ह्याला माझं नाव कुणी सांगितलं?" मग न राहवून त्यांनी भाजी चाखली. "मीठ तर बरोबर हाय की रं मुडद्या!"

दाराआडून फिस्सकन हसू फुटलं.

"तुझी करणी व्हय ही?"

"आत्या, नोकरी जाईल माझी! ते बटण कशाला दाबता?"

"टिकली तू लावली ना? मला वाटलं लेकरासाठीच लावली. टिकली दाबली की अक्षरं पळत्यात, आन् मगच ही तोंड उघडती. लई हट्टी हाय. तुझ्यावर गेली."

सायलीनं आज्ञा तीन किल्ल्यांच्या जोडणीवर नेली, वर "नक्की का?" असा प्रश्न बसवला आणि टिकली काढून टाकली. लॅपटॉप घेऊन ती बाहेरच्या खोलीत बसायला लागली.

आज नोकरी कायम करायची मीटिंग आहे. राजेंद्र सर पडद्यावर आहेत, वरचे साहेबही आहेत, सायली नीट बसून बोलतेय. पण तिचं लक्ष सारखं आतल्या खोलीकडं जातंय. तिथं जेवण चालू आहे, आणि मघापासून रडण्याचा आवाजच नाही. आरशावरचं टिकल्यांचं पाकीटही सकाळपासून गायब आहे. आणि ही मीटिंग ज्याच्यावर चालू आहे तो वायफायचा डबा, चांगली लहानलहान बटणं असलेला, आतच आहे.

तिला उठता येत नाही. टेबलाखालून ती तुम्हालाच हातानं खुणावतेय: तुम्ही मोकळेच आहात, तर पटकन आत डोकावून या ना, आत्या काय करतायत ते!